विंडोज फॉर्म्स डिझायनर: मांडणी हाताने, पण अँकरकडे लक्ष ठेवून

व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनातला हा डिझायनर विंडोज प्रोग्रामच्या खिडक्या आखायला वापरतात. त्यात टूलबॉक्समधून बटण ओढून फॉर्मवर (म्हणजे आखायच्या खिडकीवर) सोडलं की जिथे सोडलं तिथेच बसतं. ‘लोकेशन’ आणि ‘साइज’चे आकडे पिक्सेलमध्ये डिझायनर फाइलीत उतरतात. ठरावीक आकाराच्या छोट्या डायलॉगसाठी याहून झटपट साधन शोधूनही मिळणार नाही.

सगळ्यात मोलाच्या आहेत त्या स्नॅपलाइन्स. ओढताना कडा जुळल्या की निळी रेषा दिसते, अक्षरांची बेसलाइन (अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती) जुळली की वेगळ्या रंगाची. लेबल आणि टेक्स्टबॉक्स शेजारी लावताना हीच दुसरी रेषा पकडा. दोघांच्या वरच्या कडा जुळवल्या तर लेबलातली अक्षरं तीनेक पिक्सेल वर राहतात आणि पूर्ण फॉर्म तिरपा वाटतो. बाण-कळीने एकेक पिक्सेल सरकवता येतं. ओढताना ऑल्ट दाबून ठेवलं तर स्नॅप होत नाही, म्हणजे वस्तू रेषेला चिकटत नाही.

चुकतं ते खिडकी मोठी केल्यावर. ‘अँकर’ म्हणजे वस्तू खिडकीच्या कोणत्या कडांना बांधलेली आहे ते. तो मुळात वर-डावीकडे असतो, त्यामुळे ‘ओके’ बटण उजव्या कोपऱ्यात ठेवलं तरी खिडकी ताणली की ते मधेच राहतं. त्याला खाली-उजवीकडे अँकर द्या. शेजारच्या दोन टेक्स्टबॉक्सना मात्र दोघांनाही डावा-उजवा अँकर देऊ नका: खिडकी १०० पिक्सेल रुंदावली की दोन्ही १००-१०० पिक्सेल वाढतात आणि पहिला दुसऱ्यावर चढतो. तिथे टेबल-लेआउट-पॅनेल (खान्यांत मांडणी करणारी चौकट) घ्या, ५० टक्क्यांचे दोन कॉलम करा आणि प्रत्येक खान्यात ‘डॉक’ला (कडेला चिकटवण्याच्या सेटिंगला) ‘फिल’ द्या, म्हणजे टेक्स्टबॉक्स खाना भरून टाकतो. डॉकचा क्रम झेड-ऑर्डरवर, म्हणजे कोण कोणाच्या पुढे-मागे आहे त्यावर, ठरतो. फिल केलेलं पॅनेल टूलबारखाली दडलं तर त्याला ‘ब्रिंग टू फ्रंट’ करा.

खरी कमजोरी स्केलिंगची, म्हणजे विंडोज स्क्रीनवरचं सगळं टक्क्यांत मोठं करून दाखवतं त्याची. १५० टक्के स्केलिंगच्या स्क्रीनवर फॉर्म उघडून सेव्ह केला तर आकडे त्या स्केलचे होतात, आणि १०० टक्क्यांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) न केलेले बदल ढिगाने दिसतात. व्हिज्युअल स्टुडिओ वर पिवळी पट्टी दाखवून १०० टक्क्यांवर रीस्टार्ट करायला सुचवतो, ते ऐकाच. फॉर्म कशाच्या प्रमाणात स्केल व्हावा ते ठरवणारा ‘ऑटोस्केलमोड’ ‘फॉन्ट’वरच राहू द्या. इनिशियलाइझ-कंपोनंट (डिझायनरने लिहिलेली, फॉर्म उभा करणारी मेथड) संपल्यावर कोडमधून ठोक आकडे देऊन टाकलेली बटणं मात्र स्केल होत नाहीत, मोठ्या स्केलवर ती चिमुकली दिसतात.

डॉटनेट कोअर ३.० पासून (डॉटनेट म्हणजे हे फॉर्म ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) मूळ फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफऐवजी ९ पॉइंटचा सेगो यूआय झाला. जुना प्रकल्प आणताना फॉर्म फुगलेले दिसतात ते त्यामुळेच. डॉटनेट ६ पासून ‘सेट-डिफॉल्ट-फॉन्ट’ या मेथडने जुना फॉन्ट परत देता येतो.

टॅबचा क्रम, म्हणजे टॅब कळ दाबत कुठून कुठे जायचं तो, कंट्रोल (बटण, टेक्स्टबॉक्स वगैरे) टाकल्याच्या क्रमाने लागतो, मांडणी बदलली तरी तोच राहतो. शेवटी ‘व्ह्यू’मधून ‘टॅब ऑर्डर’ उघडून आकडे क्रमाने टिचकवा, आणि मग ‘लॉक कंट्रोल्स’ करा, म्हणजे चुकून काही हलणार नाही.