पाचगणीचा पिकलबॉल कॅम्प आणि माझ्या शब्दावर भरलेले ५९,००० रुपये

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघून महिना झाला. पोळी लाटताना अजून कळ येते. त्या मला एका शब्दानेही बोललेल्या नाहीत. पण पाचगणीला चला म्हणून त्यांना गळ घातली ती मीच, आणि हे लिहायला बसले आहे तेही त्यामुळेच. पुढच्या मोसमात असे कॅम्प पुन्हा निघतील, पुन्हा कोणीतरी पाच-सहा जणांचा ग्रुप जमवेल. त्या जमवणाऱ्या माणसाने हे वाचावं.

आम्ही सहा जण साताऱ्यात सदर बझारकडे एका बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहा ते आठ पिकलबॉल खेळतो, म्हणजे छोट्या सपाट बॅटने प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायचा खेळ. मी शाळेत गणित शिकवते. बाकी माझी मोठी जाऊ, शाळेतली एक सहकारी, खालचे काका-काकू आणि औषधाचं दुकान चालवणारा एक तरुण. पिकलबॉलचं कोर्ट २० फूट बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच. त्यामुळे हॉलवाल्यांनी आम्हाला परवानगी सहज दिली. फरक दोनच. पिकलबॉलची जाळी कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच लागते, म्हणून आम्ही वर्गणी काढून वेगळी जाळी आणली. दुसरा फरक किचनच्या रेषेचा. किचन म्हणजे जाळीलगतचा सात फुटांचा पट्टा; त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिसरेषा असते साडेसहा फुटांवर. म्हणून आम्ही रोज सकाळी अर्धा फूट मागे पिवळी टेप चिकटवतो आणि आठ वाजता मुलं बॅडमिंटनला आली की काढतो. काका त्यासाठी किटमध्ये मोजपट्टीच ठेवतात. हे सगळं सांगतेय कारण पुढे ह्या अर्ध्या फुटानेच आमचे डोळे उघडले.

दीड वर्ष खेळल्यावर वाटायला लागलं की कोणीतरी नीट शिकवायला हवं. सर्व्हिस जमते, चेंडू परतही जातो, पण तिसरा फटका हळूच किचनमध्ये टाकायचा म्हटलं की दहापैकी सात जाळीत. अशात जूनमध्ये व्हॉट्सॲपवर जाहिरात आली. निळी कोर्ट, मागे डोंगर, वर स्वच्छ आकाश. पाचगणीत चार दिवस तीन रात्री, परदेशी प्रमाणपत्र असलेला मुख्य प्रशिक्षक, चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक, कॅम्प ‘मान्यताप्राप्त’, आणि चार दिवसांत डुपर रेटिंग, म्हणजे पिकलबॉल खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, अर्ध्या अंकाने वाढवून देण्याची हमी. माणशी १०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. तारखा जुलैच्या मधल्या.

जुलै! साताऱ्यात जन्म गेलेल्या बाईला हे कळायला नको होतं? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला सगळ्यात जोराचा जुलैतच. शेजारच्या पाचगणीत त्या दिवसांत टेबल लँडवर समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. उघड्यावरच्या कोर्टावर खेळणार कसं? फोटो बघताना हा प्रश्न माझ्या मनात आला होता. फोन केला तेव्हा आयोजक म्हणाला, “मॅडम, इनडोअर सोय आहे, काळजीच करू नका.” इनडोअर म्हणजे काय, जमीन कशाची, कोर्ट किती, हे मी विचारलंच नाही. हॉटेलचे फोटो मात्र तीनदा मागवले. बाथरूम बघितली, नाश्त्याला काय असतं ते विचारलं.

त्याच फोनवर तो म्हणाला, “तुम्ही शिक्षिका, तुमच्यावर लोकांचा विश्वास. तुम्हीच ग्रुप लीडर व्हा. पाच जण आणा, तुमचं फुकट.”

मी पाच जण आणले. आणि माझं फुकट आहे हे त्यांच्यापैकी कोणालाही सांगितलं नाही.

माझ्या लेखी सगळ्यात वाईट भाग हाच आहे, म्हणून लपवत नाही. त्या फुकट जागेने माझं तोंड बंद केलं. काकांनी विचारलं होतं, “बाई, प्रशिक्षकाचं नाव काय? कुठे खेळलाय?” मी म्हटलं, “मी सगळी चौकशी केलीय.” जाऊबाई म्हणाल्या, “पावसाळ्यात नको गं, दिवाळीनंतर बघू.” तर मी त्यांना सवलतीची शेवटची तारीख दाखवली. माझ्या भिडेखातर सगळ्यांनी माझ्याकडे पैसे दिले आणि मी ५९,००० रुपये एकरकमी पाठवले. पाठवताना स्क्रीनवर कॅम्पचं नाव आलं नाही, कुठल्याशा व्यक्तीचं आलं. विचारलं तर उत्तर मिळालं, “संस्थेचं खातं अपडेट होतंय.” तेवढ्यावर मी पिन टाकला.

आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पसरणीचा घाट चढलो तेव्हा पाऊस मुसळधार होता. हॉटेल फोटोतलं नव्हतंच. “तिथे पाणी शिरलंय” म्हणून गावाबाहेरच्या एका जागी सहा-सहा खाटांच्या खोल्या दिल्या. तेही चाललं असतं. आम्ही खेळायला गेलो होतो. पण ‘इनडोअर सोय’ म्हणजे लग्नाचा पत्र्याचा हॉल निघाला. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर रंगवलेली बॅडमिंटनची दोन कोर्ट. बॅडमिंटनचीच जाळी खाली ओढून खांबांना सुतळीने बांधलेली. काकांनी पट्टी काढली. मध्ये जाळी ३१ इंचांवर लोंबत होती. मग ते गुडघ्यावर बसून किचनच्या रेषेपर्यंत मोजत गेले आणि मान वर करून एवढंच म्हणाले, “साडेसहा.”

म्हणजे पिकलबॉलची रेषा आखलेलीच नव्हती. आम्ही सहा हौशी माणसं रोज सकाळी जी टेप चिकटवतो, तीही लावायची तसदी ह्या लोकांनी घेतली नव्हती. जिथे पाय कुठे ठेवायचा हेच शिकायचं, तिथे रेषाच चुकीची.

आम्ही बत्तीस जण होतो. कोल्हापूर, पुणे, कराड, दोघी बारामतीच्या. दोन कोर्टांवर एका वेळी आठ जण खेळणार, चोवीस जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तीन तासांच्या सत्रात एकेकाच्या वाट्याला पाऊण तास, तोही अदलाबदल विनाखोळंबा झाली तर. माझ्या घड्याळात पहिल्या सकाळी सव्वीस मिनिटं भरली. चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक ह्या हिशेबाने आठ प्रशिक्षक हवेत. होता एक, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, स्वभावाने चांगला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानेच मला सांगितलं की तो मुळात बॅडमिंटन शिकवतो आणि पिकलबॉल खेळायला लागून सहा महिने झालेत. मुख्य प्रशिक्षकाचं विमान पहिल्या दिवशी उशिरा होतं, दुसऱ्या दिवशी व्हिसाची अडचण होती, तिसऱ्या दिवशी कोणी विषयच काढला नाही.

काकू पडल्या त्या दुसऱ्या दुपारी. पत्रा एका कोपऱ्यात गळत होता, तिथे बादली ठेवलेली. बादलीच्या बाहेर शिंतोडे उडत होते आणि धुक्याने टाइल्सना दमट पदर धरला होता. उंच आलेला चेंडू घ्यायला काकू मागे गेल्या, टाच सरकली आणि हात टेकून पडल्या. आवाज मला अजून ऐकू येतो. हॉलमध्ये क्रेप बँडेज नव्हतं, बर्फ नव्हता, गाडी नव्हती. आमच्यातल्या औषध दुकानदार मुलाने वर्तमानपत्राची गुंडाळी करून ओढणीने हात बांधला, आणि धुक्यात हॅझर्ड लाइट लावून आम्ही त्यांना घाटाखाली वाईला नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. आम्ही एक्स-रेची वाट बघत असताना आयोजकाचा फोन आला. काकू कशा आहेत हे त्याने विचारलं, पण दुसरं वाक्य होतं, “ग्रुपवर टाकू नका हं मॅडम.”

तिथे बाकावर बसून मी चौघांना माझ्या फुकट जागेचं सांगितलं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग जाऊबाई म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंस तर मी दोन प्रश्न जास्त विचारले असते.”

हे वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. खरंच होतं ते. खर्च सहांत वाटला असता तर प्रत्येकाला ९,८३३ रुपये पडले असते. उरलेले एकेकाचे जवळपास दोन हजार माझ्या नावाने गेले होते. ते मी घरी आल्यावर सगळ्यांना परत केले. पण पैशापेक्षा, त्यांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूने चौकशी करतेय, आणि मी नकळत विकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले होते.

राहिलेल्यांना शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. आमची दोन दिवसांनी पीडीएफमध्ये आली, दीड दिवसात निघून आलेल्या काकूंचंसुद्धा. सहाही जणांच्या नावापुढे एकच आकडा: ‘डुपर ३.५’. डुपर हे रेटिंग कोणी प्रशिक्षक देत नाही. दोनपासून आठपर्यंतची ती पट्टी आहे आणि नोंदवलेल्या सामन्यांच्या निकालांवरून आकडा निघतो. एकही सामना नोंदवलेला नसताना तो कागदावर छापणं म्हणजे परीक्षा न घेता गुणपत्रिका देणं. आणि चार दिवसांत अर्धा अंक वाढवण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. आपल्याच साताऱ्यात सराव करून अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्यामागे किती वर्षांच्या पहाटा असतात हे ज्या गावाने बघितलंय, त्या गावातली मी, चार दिवसांच्या हमीवर भाळले.

‘मान्यताप्राप्त’ ह्या शब्दाचंही असंच. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०२५ मध्ये इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून हा शब्द हवेत आहे. ती मान्यता महासंघाला आहे. जाहिरातीत शब्द छापला म्हणून कोणाचाही कॅम्प मान्यताप्राप्त होत नाही. कोणाची मान्यता, ते पत्र दाखवा, एवढं विचारायला हवं होतं. परदेशी प्रमाणपत्राचंही तेच. कोणत्या संस्थेचं हे विचारून त्या संस्थेच्या यादीत नाव आहे का बघायचं. आम्हाला तर नावच सांगितलेलं नव्हतं.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, “अटींमध्ये ‘परतावा नाही’ लिहिलंय, पुढच्या कॅम्पला सवलत देऊ.” पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, कॅम्प झाला ना? राहायला, जेवायला दिलं ना? मग ग्राहक आयोगात जा.” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पैसे घेऊन पळून गेलेला चोर असता तर सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन करून त्याच दिवशी खातं गोठवायची धडपड करता आली असती. ह्याने थोडंसं दिलं, आणि त्या थोडक्याच्या आडोशाला उभा राहिला.

पावतीवर २७ ने सुरू होणारा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट तपासता येतो, एक मिनिट लागतं. मी कॅम्पनंतर तपासला. नोंदणी आमच्या पावतीच्या कितीतरी आधी रद्द झालेली होती. आमच्याकडून कर म्हणून घेतलेले ९,००० रुपये कुठे गेले असतील ते उघड आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, मग नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ‘परतावा नाही’ असं छापलं म्हणून सदोष सेवेचे पैसे परत करण्यातून सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तसं नाकारणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. काकांनी त्या दिवशी पट्टी धरून काढलेला ३१ इंचांचा फोटो आम्ही जोडला आहे, जाहिरातीची प्रत आणि प्रमाणपत्रंही.

मध्यंतरी पुण्याच्या एका प्रशिक्षकाला एका रविवारसाठी साताऱ्यालाच बोलवायचं ठरलं. ह्या वेळी फोन काकांनी केला, स्पीकरवर ठेवून, सगळ्यांसमोर. त्या माणसाने पैशाचं बोलायच्या आधी आमच्या हॉलचा व्हिडिओ मागितला, जमीन कशाची ते विचारलं, आणि म्हणाला, “एका कोर्टावर चारच, सहा असाल तर दोन तुकड्या करू.” काकू त्या रविवारी खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या.

जुलैच्या त्या कॅम्पला आलेल्या बाकीच्या सव्वीस जणांना माझी विनंती आहे. पावती, जाहिरात, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, काहीच डिलीट करू नका. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमचा तक्रार क्रमांक सातारच्या आयोगात आहे, आणि बारामतीच्या दोघींनी कागद पाठवलेसुद्धा आहेत.