जामीन मंजूर झाला, आता पुढे काय? वकील कोणता, आणि रोख की जामीनदार?

शुक्रवारी दुपारी साडेतीनला माझ्या आतेभावाला जामीन मंजूर झाला आणि तो घरी आला मंगळवारी संध्याकाळी. मधले चार दिवस गेले ते एका सातबाऱ्यापायी.

आदेश होता पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. त्याचे मामा तयारच होते. चार एकर जमीन, उतारा खिशात. लिपिकाने तो उलगडला आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता, शिवाय उतारा आठ महिन्यांपूर्वीचा. ताजा उतारा आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, म्हणजे तेवढी मालमत्ता असल्याचं प्रमाणपत्र, आणा म्हणाले, तोवर पाच वाजले होते. पुढे शनिवार, रविवार. सोमवारी धाकट्या मामांना पुढे केलं. ते शाळेत शिक्षक. पगारपत्रक, ओळखपत्र, आधार, पॅन, रेशन कार्ड, फोटो एवढ्यावर मंगळवारी जामीनकतबा, म्हणजे जामीनदाराचं हमीपत्र, भरला गेला.

तेव्हापासून ओळखीचं कोणी विचारायला आलं की मी दोन गोष्टी लगेच ठरवायला सांगतो : वकील कोण, आणि जामीनदार कोण. दुसरी गोष्ट आदेश हातात पडल्यावर बघू म्हणणाऱ्यांचे दिवस जातात.

इंटरनेटवर ‘बेल बाँड’ (जामिनाचं हमीपत्र) शोधलंत तर बहुतेक माहिती अमेरिकेतली येईल. तिथल्या अनेक राज्यांत कंपनी साधारण दहा टक्के फी घेऊन हमी देते आणि ती फी परत मिळत नाही. इलिनॉय राज्याने तर सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच बंद केला. तिकडे नातेवाईक असतील तर त्या-त्या राज्याचा नियम बघा. आपल्याकडे अशी परवानाधारक कंपनी नसते. इथे हमी द्यायची ती ओळखीच्या माणसाने.

आता वकील. लोक पहिल्यांदा शहरातल्या मोठ्या नावाकडे धावतात. हायकोर्टात जायचं असेल, आर्थिक गुन्ह्याचं गुंतागुंतीचं प्रकरण असेल, तर ते योग्यच. पण तालुक्याच्या कोर्टातल्या साध्या जामीन अर्जाला मी त्या कोर्टात रोज उभा राहणारा फौजदारी वकीलच निवडेन. तपासी अंमलदाराचं म्हणणं अजून का आलं नाही, बाँड कोणत्या टेबलावर भरतात, नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) रोख किती वाजेपर्यंत घेतात, हे त्याला तोंडपाठ असतं. बाहेरगावच्या वकिलाला त्यासाठी इथलाच कोणी ज्युनिअर शोधावा लागतो.

असा वकील जाहिरातीत सापडत नाही, कारण बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्या कोर्टात त्याची फौजदारी प्रकरणं खरोखर चालू आहेत का, ते तिथे दिसतं. मग भेटा आणि फीबद्दल थेट विचारा : ही रक्कम फक्त जामीन अर्जाची, की बाँड भरून सुटका होईपर्यंतची? खटल्याची वेगळी का? वकीलपत्रावर सही करण्याआधी हे कागदावर घ्या. संकोच करू नका. चांगला वकील या प्रश्नाने दुखावत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाबद्दल मात्र लोकांच्या मनात उगाच अढी असते. फुकटचा वकील काय लढणार, असं मीही समजत होतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही हा हक्क आहे, उत्पन्न न बघता. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांनाही तसाच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत फक्त हेच काम करणारे पूर्णवेळ बचाव वकील नेमले आहेत, त्यांना खाजगी केस घेता येत नाही. मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे, तालुका समितीचं कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं.

इथली अडचण अशी की वकील तुम्हाला निवडता येत नाही, आणि त्याच्याकडे कामाचा ढीग असतो. घरच्यांना बसवून सगळं समजावून सांगायला वेळ मिळेलच असं नाही. तरी अटकेनंतर चोवीस तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, त्या वेळी कोणीच वकील नसण्यापेक्षा हा वकील शंभर पटीने बरा. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबून राहणं ही सगळ्यात महागडी चूक. खाजगी वकील नंतरही देता येतो.

आता हमीचं. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळणारा, असेल तर पोलिस ठाण्यातच ‘टेबल जामीन’ होतो, कोर्टापर्यंत जावं लागत नाही. पुढच्या प्रकारांत फरक मोठा आहे.

जातमुचलका, म्हणजे पीआर बाँड, सगळ्यात हलका : आरोपी स्वतःच लिहून देतो की तारखेला हजर राहीन. पैसे भरायचे नाहीत, दुसरा माणूस लागत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी गरीब आहे असं मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगतं. वकिलाला हे आठवण करून द्या.

रोख रक्कम भरणं सगळ्यात झटपट. बाहेरगावचा माणूस, स्थानिक नातलग नाहीत, अशा वेळी वकिलाने अर्ज करून रोख भरायची परवानगी मागावी. बऱ्याचदा कोर्ट तात्पुरता रोख जामीन घेऊन जामीनदार आणायला काही आठवडे देतं. पैसे खटला संपेपर्यंत अडकतात, त्यात वर्षं जाऊ शकतात. पावती कोणाच्या नावावर फाडली ते बघा आणि मूळ पावती जपा. कर्ज काढून भरणार असाल तर व्याजाचा हिशेब आधी करा.

जामीनदार दिला तर पैसे अडकत नाहीत, पण एका माणसाचा जीव टांगणीला लागतो. आरोपी पळाला तर बाँड जप्त होतो, रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, आणि वसूल झालीच नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. त्यामुळे मामांना ‘नुसती सही करा’ म्हणू नका. पोरगा तारखा चुकवेल अशी भीती वाटू लागली तर जामीनदाराला अर्ज करून बाजूला होता येतं, हेही त्यांना सांगा.

रक्कम छोटी आणि घरात असेल, तर मी रोख भरून आधी माणूस बाहेर काढीन. मोठी असेल तर नोकरदार जामीनदार आधी, शेतकरी दुसऱ्या क्रमांकावर. शेतकऱ्याची पत कमी म्हणून नव्हे, त्याच्या कागदांना वेळ लागतो म्हणून.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. आणखी किती जणांना जामीन आहे हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. ते खोटं निघालं किंवा रेशन कार्ड बनावट निघालं तर जामीन रद्द होण्याची वेळ तुमच्या माणसावर येते, वर नवा गुन्हा. वकील स्वतः जामीनदार होतो म्हणाला तरी नको म्हणा, अशिलासाठी जामीन राहायला त्याला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

आणि जामीनदार मिळालाच नाही तर? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. त्याचा भाऊ तयार होता, पण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. तरी ‘स्थानिकच जामीनदार हवा’ हा हट्ट आजही ऐकू येतो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले : जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर अटी शिथिल करायच्या का, याचा कोर्टाने स्वतःहून विचार करावा. तुरुंगातून पत्र जाईल याची वाट बघू नका. आठव्या दिवशी सकाळी जामीन आदेशाची प्रत आणि घरातल्या उत्पन्नाचा जो असेल तो कागद घेऊन सचिवांकडे स्वतः जा.