सुरक्षा क्लिनिकचा अनुभव: औषधाआधी तपासणी

अंगावरून पांढरे जाणे, खाज, आग किंवा दुर्गंधी अशा तक्रारींसाठी मराठवाड्यातील बाई सहसा आधी मेडिकलवरून औषध आणवते, आणि तेही स्वतः न जाता, घरातल्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी देऊन. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत याच तक्रारींसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची सेवा असते, हे अनेकींना ठाऊकही नसते. धाकट्या जावेला घेऊन मी आमच्या भागातील अशा एका क्लिनिकमध्ये गेले होते. तिथे काय चांगले आहे आणि काय खटकते, हे इतर बायकांना कळावे म्हणून लिहीत आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे लागले नाहीत. आत गेल्यावर सिस्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आधी काय लावलं होतं, ताई? रिकामी ट्यूब असली तरी दाखवा.” जावेने मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब पिशवीतून काढली. बुरशी, जिवाणू आणि खाज या तिन्हींवर चालणारे म्हणून दिलेल्या त्या मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, म्हणून बाईला बरे वाटते, पण त्याच्या आड बुरशी वाढतच राहते आणि मलम थांबवले की त्रास दुपटीने उफाळतो. जावेचे नेमके हेच चालले होते.

त्यानंतर पडदा ओढून डॉक्टरबाईंनी आतून तपासणी केली. प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्या सांगत होत्या, हे मला फार मोलाचे वाटले. योनीच्या भिंतीवरील स्राव त्यांनी कागदाच्या छोट्या पट्टीवर घेतला आणि पट्टीचा बदललेला रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहिला. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला सामू (म्हणजे pH, आम्लतेचे माप; पट्टीचा रंग हेच दाखवतो) साधारण 3.8 ते 4.5 असतो. हे जिवाणू घटून दुसरे वाढले की जिवाणूजन्य योनिदाह होतो. त्यात स्राव पातळ आणि करडा-पांढरा असतो, मासळीसारखा वास येतो आणि सामू 4.5 च्या वर जातो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही सामू वाढतो, मात्र स्राव बहुधा पिवळसर-हिरवा आणि फेसाळ असतो. बुरशीच्या संसर्गात सामू बहुधा वाढत नाही, खाज असह्य असते आणि स्राव फुटलेल्या दह्यासारखा दिसतो. ही वर्णने सोपी वाटत असली तरी लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की नुसते ऐकून दिलेले औषध चुकण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब आणि स्राव घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ट्रायकोमोनास असेल तर तो तिथे हलताना दिसू शकतो.

जावेला बुरशीचा संसर्ग निघाला आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची गोळी मिळाली. पण डॉक्टरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्रास पुन्हा पुन्हा होतो म्हटल्यावर त्यांनी रक्तातील साखर तपासायला पाठवले, आणि ती वाढलेली निघाली. मधुमेह ताब्यात नसेल तर हा संसर्ग वारंवार उलटतो. ती ट्यूब आणखी वर्षभर लावली असती तरी हे कळले नसते, आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथेच आहे.

आता उणिवा. काचपट्टीची तपासणी तंत्रज्ञ हजर असेल तरच होते. तो नसेल तर लक्षणांवरून हिरव्या रंगाचे किट क्रमांक 2 देतात. त्यात जिवाणूजन्य योनिदाह आणि ट्रायकोमोनास यांवरचे सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ही पद्धत चुकीची नाही, कारण बाई दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. तरी एकच आजार असताना दोन्ही औषधे पोटात जातात. गरोदर बाईने तर हे किट घेऊच नये, म्हणून पाळी चुकली असल्यास आधीच सांगावे. दुसरी उणीव जागेची. समुपदेशन एचआयव्ही तपासणीच्या खोलीशेजारीच होते, आणि बाहेरचा फलक वाचून आमच्यासमोर एक बाई माघारी फिरली. एक वेगळे दार आणि साधा फलक एवढ्याने तिचे पाऊल थांबले नसते.

समुपदेशक ताईंनी मात्र वेळ दिला. साबण, डेटॉल किंवा सुगंधी वॉशने आतून धुऊ नये, त्याने उपयोगी जिवाणूच जातात, असे त्यांनी बजावले. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यानेही त्याच वेळी औषध घ्यायला हवे, हे त्या न लाजता बोलल्या. आमच्याकडे हे बोलायला धैर्य लागते.

मराठवाड्यात या सेवेचे महत्त्व वेगळेच आहे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाणे आणि पोटदुखी यांवर ‘पिशवी काढा’ हा सल्ला ज्या भागात सहज दिला जातो, तिथे ही पट्टी, ही काचपट्टी आणि काही गोळ्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असल्याच पाहिजेत, आणि फडावर जाण्याआधी बायकांपर्यंत त्या पोहोचल्या पाहिजेत.

जाणार असाल तर सकाळच्या ओपीडीत जा, पाळी चालू नसताना जा, आणि आधी वापरलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्या. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर ते स्पष्ट सांगा, कारण त्याची तपासणी आणि उपचार निराळे असतात. वय तिशीच्या पुढे असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही त्याच भेटीत मागून घ्या.