लिनक्स कर्नलचा डीबग मेनू: भट्टीशेजारच्या डब्यासाठी काय चालू ठेवावं, काय नको

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) फुकट मिळतो, त्यामुळे त्याच्यावर कुणी अभिप्राय लिहीत बसत नाही. पण कर्नल बिल्ड करताना ‘मेक मेनूकॉन्फिग’ म्हटलं की यादीच्या तळाशी ‘कर्नल हॅकिंग’ नावाचा, चुका शोधायच्या साधनांचा मेनू येतो. आमच्या कामाचा निम्मा भार त्याच्यावर आहे, आणि आपल्या भागात एम्बेडेडचं (यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकांचं) काम करणारी बरीच मंडळी तो उघडून बघतही नाहीत, म्हणून लिहितेय. माझं मत आधीच सांगते: साधन अव्वल, मांडणी वाईट. आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड) लिहायला घेतल्याच्या पहिल्या दिवसापासून ते वापरलं तरच त्याचा खरा फायदा मिळतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं युनिट आहे. फौंड्रीतल्या इंडक्शन भट्टीचं तापमान, वीज, थंड पाण्याचा दाब हे सगळं गोळा करून ऑफिसातल्या संगणकावर दाखवणारा डबा आम्ही बनवतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही एमआयडीसींत आमचे डबे लागलेले आहेत. आत ६४ बिटचा आर्म बोर्ड, १ जीबी रॅम, लिनक्स ६.६ आणि यूएसबीवर लावलेलं एक जोडकार्ड. या कार्डाचा ड्रायव्हर पुरवठादाराकडूनच आला होता. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही, त्याची इथं गरजही नाही.

तक्रार अशी होती की डबा मधूनच बंद पडायचा. फौंड्रीतून फोन यायचा, “मॅडम, डबा परत झोपलाय बघा.” वीज बंद-चालू केली की पुन्हा सुरळीत. सिरीयल पोर्टवर लॉग धरून ठेवला तर प्रत्येक क्रॅश वेगळ्याच जागी: एकदा नेटवर्कच्या कोडात, एकदा फाइल सिस्टीममध्ये, एकदा अशा ठिकाणी जिथं आमच्या कार्डाचा काडीचा संबंध नाही. क्रॅश असा जागा बदलत फिरायला लागला की समजावं, कुणीतरी दुसऱ्याच्या मेमरीत लिहितंय. चोर एकीकडं, बोंब दुसरीकडं. अशा वेळी क्रॅशच्या जागेचा कोड वाचून हाती काही लागत नाही.

इथं मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा कासान कामाला आला. २०१५ मध्ये ४.० आवृत्तीपासून तो मूळ कर्नलमध्ये आहे आणि ‘मेमरी डीबगिंग’ या पोटमेनूत सापडतो. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वाचन-लेखनाआधी एक तपासणी घालतो, आणि दर आठ बाइटमागे एक बाइट अशी सावली-नोंद ठेवली जाते, की ही जागा वापरायला खुली आहे की नाही. मोकळी केलेली मेमरी तो लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतो, म्हणजे तिला नंतर कुणी हात लावला तर तो जागीच सापडतो. बाकी साधनं परिणाम दाखवतात, कासान कृत्य दाखवतो.

त्याचा अहवाल वाचायला शिकणं हे या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. पहिल्या ओळीत गुन्ह्याचा प्रकार आणि फंक्शनचं नाव असतं. त्याखाली तीन स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याच्या याद्या: मेमरीला आत्ता हात कुणी लावला, ती मुळात कुणी घेतली आणि मोकळी कुणी केली. आमच्या अहवालात घेणारं फंक्शन ड्रायव्हरचं प्रोब (कार्ड जोडल्यावर चालणारं), मोकळी करणारं डिस्कनेक्ट (कार्ड तुटल्यावर चालणारं) आणि हात लावणारं कार्ड वाचणारं काम, जे कर्नलच्या वर्कर थ्रेडवर, म्हणजे मागच्या बाजूला कामं उरकणाऱ्या धाग्यावर, चालू होतं. तीन स्टॅक एकाखाली एक वाचले आणि गोष्ट उलगडली. भट्टी पूर्ण ताकदीनं चालू झाली की विजेच्या गोंगाटानं यूएसबी कार्ड क्षणभर तुटायचं आणि परत जोडलं जायचं. तुटलं की डिस्कनेक्ट आपली स्ट्रक्चर (कार्डाची माहिती ठेवलेली मेमरी) मोकळी करून निघून जायचं. त्याच वेळी वर्कर कार्डाच्या उत्तराची वाट बघत थांबलेला असायचा. तो जागा व्हायचा आणि त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहायचा, जी आता दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेलेली असायची. उपाय एका ओळीचा: मोकळं करण्याआधी ‘कॅन्सल डिलेड वर्क सिंक’ हाक मारायची, म्हणजे चालू काम संपेपर्यंत डिस्कनेक्ट थांबतं. ती ओळ घातल्यापासून हा त्रास बंद आहे.

कासान परवडत नसेल तर त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे स्लबची, अर्थात कर्नलच्या मेमरी-वाटपाची तपासणी. बूट करताना ‘स्लब_डीबग’ला पी हे अक्षर दिलं की मोकळ्या केलेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरला जातो. मग क्रॅशच्या वेळी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली, की मोकळी केलेली मेमरी वापरली गेली हे डोळे झाकून सांगता येतं. ६बी म्हणजे आस्की या अक्षरसंकेतातलं ‘के’ हे अक्षर, त्यामुळे कधी लॉगमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी नुसती ‘के’ची माळ दिसते. आमच्या चाचणीच्या बेंचवर काम करणाऱ्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यातच दाखवते.

याच कुटुंबातला आणखी एक पर्याय आहे ज्याकडं कुणाचं लक्ष जात नाही: डीबग ऑब्जेक्ट्स. टायमर चालू असताना किंवा काम अजून रांगेत असताना त्याची मेमरी मोकळी करायला गेलात तर तो त्याच क्षणी ओरडतो. कासान ओरडतो ते नंतर कुणी हात लावल्यावर. आमच्या प्रकारच्या चुकीसाठी दोन्ही एकत्र चालू ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

खर्च मात्र समजून घ्या. साध्या कासानची सावली-नोंद मेमरीचा आठवा हिस्सा खाते, म्हणजे आमच्या १ जीबीतले १२८ एमबी गेले. वेगही जाणवण्याइतका कमी होतो. आणि कर्नलची इमेज (बूट होणारी फाइल) फुगते. आमच्याकडचा एक नवीन मुलगा एक दिवस हैराण होऊन म्हणाला, “ताई, कासान लावल्यापास्नं बोर्ड बूटच हुईना.” मी म्हटलं, “आधी यू-बूटमधले पत्ते बघ.” यू-बूट म्हणजे कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्राम; इमेज मोठी झाल्यामुळे ती मेमरीत पुढं ठेवलेल्या डिव्हाइस ट्रीवर (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनावर) चढली होती. डिव्हाइस ट्रीचा पत्ता पुढं सरकवला आणि बोर्ड उठला. हे कुठल्याही मदत-मजकुरात लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

दुसरं रत्न म्हणजे लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपांच्या, वापरातल्या चुका पकडणारं लॉकडेप. मेनूत ते ‘लॉक डीबगिंग’खाली, ‘प्रूव्ह लॉकिंग’ या नावानं आहे. इंगो मोल्नार यांचं हे काम, २००६ च्या २.६.१८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये. याची ताकद अशी की डेडलॉक (लॉकची वाट बघत कायमचं अडकणं) प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. कुठलं लॉक कुठल्या परिस्थितीत आणि कुणानंतर घेतलं हे तो टिपून ठेवतो, आणि दोन टिपणं एकमेकांना छेद देऊ लागली की इशारा देतो. त्याच ड्रायव्हरमध्ये एक स्पिनलॉक यूएसबीच्या पूर्तता-फंक्शनमध्ये, म्हणजे इंटरप्टच्या (हार्डवेअरनं चालू काम मध्येच थांबवण्याच्या) संदर्भात घेतलं जायचं, आणि तेच लॉक वापरकर्त्याच्या प्रोग्रामनं ड्रायव्हरला मारलेल्या आयॉक्टल हाकेतून इंटरप्ट बंद न करता. लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर डबा कायमचा अडकणार. बेंचवर हे कधी घडलं नव्हतं. लॉकडेपनं दोन्ही वाटा एकेकदा चालल्याबरोबर ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ म्हणून समोर ठेवलं.

त्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जी वाट चाललीच नाही तिच्याबद्दल त्याला काही कळत नाही, त्यामुळे कार्ड काढणं-घालणं, झोपवणं-उठवणं, चुकीची माहिती पाठवणं हे सगळं बेंचवर करून बघावं लागतं. दोन, पहिला इशारा दिल्यावर तो स्वतः बंद होतो. इशारा दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरचा असला तरी आधी तो निस्तरायचा, मग बूट करून पुढचं बघायचं. ‘हे आपलं नाही’ म्हणून सोडून दिलंत तर तुमच्या कोडावर पहाराच उरत नाही. त्याच पोटमेनूत ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ही घ्या. झोपायची मुभा नसलेल्या ठिकाणी कुणी झोपणारं फंक्शन बोलावलं की लगेच नाव-गाव सांगतो.

आता डीबग इन्फोबद्दल, म्हणजे पत्त्यावरून कोडातली ओळ सांगणाऱ्या माहितीबद्दल, कारण इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. “साइटवरच्या डब्यात जागा नाही, म्हणून डीबग इन्फो बंद ठेवलं” हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. आर्म ६४ वर डब्यात जाणारी इमेज बनताना ही माहिती आपोआप गाळली जाते. ती राहते तुमच्या संगणकावरच्या व्हीएमलिनक्स या न गाळलेल्या कर्नल-फाइलमध्ये. जागा लागते ती तुमच्या डिस्कवर, आणि बिल्डला थोडा वेळ जास्त. मॉड्यूल (वेगळे चढवता येणारे कर्नलचे भाग) मात्र फुगतात, त्यासाठी इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ द्या. आमच्याकडं साइटवर गेलेल्या प्रत्येक बिल्डची व्हीएमलिनक्स जपून ठेवलेली असते. कागलहून क्रॅशचा लॉग आला की ती फाइल आणि ‘डिकोड_स्टॅकट्रेस’ ही कर्नलसोबतच येणारी स्क्रिप्ट घेऊन बसायचं, पत्त्यांच्या जागी फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा मिळतो. फाइल त्याच बिल्डची हवी. कोड तोच असला तरी नंतर दुसऱ्या कॉन्फिगनं केलेलं बिल्ड चालत नाही, पत्ते सरकतात.

इथंच मांडणीबद्दलची माझी पहिली तक्रार. २०२२ च्या ५.१८ आवृत्तीपासून डीबग इन्फो हा थेट चालू करायचा पर्याय राहिला नाही. आता ड्वार्फची (डीबग इन्फो लिहायच्या पद्धतीची) आवृत्ती निवडायची, मग तो आपोआप चालू होतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये नुसतं डीबग इन्फो चालू केलेलं असेल तर ते मुकाट पुसलं जातं, कुठं एरर येत नाही. बिल्ड झाल्यावर डॉट-कॉन्फिग फाइल उघडून खात्री करायची सवय लावून घ्या.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. बऱ्याच पर्यायांच्या मदतीत शेवटचं वाक्य एकच: खात्री नसेल तर एन (नको) म्हणा. लिनक्सच्या तयार वितरणाचा कर्नल बनवणाऱ्यांसाठी तो सल्ला बरोबर असेल. पण उद्यमनगरातल्या चार माणसांच्या युनिटला खात्री येणार कुठून? ते सगळीकडं एन म्हणतात आणि महिनोन्‌महिने अंधारात चाचपडतात. ‘ड्रायव्हर लिहिताय? मग हे घ्या’ असा एक दरवाजा मेनूतच हवा होता. त्याची सोय आहे, पण ती मेनूबाहेर: ‘मेक डेफकॉन्फिग डीबग.कॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की बहुतेक महत्त्वाच्या तपासण्या एका झटक्यात चालू होतात. नवख्यानं तिथून सुरुवात करावी. फक्त केसीसॅन त्याच बिल्डमध्ये मागू नये. डेटा रेस (एकाच मेमरीवर दोघांची एकाच वेळी झडप) शोधणारं ते साधन आणि कासान एकत्र चालत नाहीत, त्याचं बिल्ड वेगळं करावं लागतं.

साइटवर जाणाऱ्या कर्नलमध्ये कासान आणि लॉकडेप दोन्ही बंद. तिथं आम्ही केफेन्स हा मेमरीच्या चुकांवरचा हलका पहारा ठेवतो. हा २०२१ मधल्या ५.१२ चा. सगळ्या मेमरीवर पहारा न ठेवता तो अधूनमधून, मुळात ठरलेलं अंतर १०० मिलिसेकंद, एखादा तुकडा पहाऱ्याच्या पानांमध्ये (हात लागला की चूक पकडणाऱ्या मेमरीच्या पानांमध्ये) ठेवतो. २५५ तुकड्यांच्या मूळ मांडणीला सुमारे २ एमबी मेमरी जाते आणि वेगावर परिणाम जाणवत नाही. एका डब्यात त्याला चूक सापडेलच असं नाही, पण बरेच डबे अहोरात्र चालू असले की कुठंतरी सापडते. जोडीला हंग टास्कची तपासणी, जी १२० सेकंद अडकलेल्या कामाची नोंद करते, आणि डायनॅमिक डीबग, ज्यानं चालू डब्यात एकाच फाइलचे संदेश उघडता येतात.

मॅजिक सिसआरक्यू (अडकलेल्या कर्नललाही थेट आज्ञा द्यायची सोय) ठेवा, पण त्याची सिरीयलवरची वाट बंद करा. सिरीयल पिना मोकळ्या सोडलेल्या असतील तर गोंगाटातून खोटा ब्रेक-सिग्नल तयार होतो आणि कर्नल त्याला आज्ञा समजू शकतो. भट्टीशेजारी तर हे हमखास. हा इशारा त्या पर्यायाच्या मदतीत लिहिलेला आहे, आणि अख्ख्या मेनूतला मला सर्वात आवडलेला मदत-मजकूर तोच, कारण तो प्रत्यक्ष काम केलेल्या माणसानं लिहिलाय हे वाचताक्षणी कळतं.

क्रॅशचा लॉग रीबूटनंतरही रॅममध्ये टिकवणारा पीस्टोर या मेनूत शोधू नका, तो फाइल सिस्टीमच्या मेनूत आहे. साइटवर लॅपटॉप घेऊन कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे आमच्यासाठी तो सगळ्यात गरजेचा.

दोन कर्नल सांभाळण्याचा त्रास होतो, नाही म्हणणार नाही. डीबग कर्नलमध्ये वेळेचं गणित बदलतं, काही चुका त्यात लपतात, म्हणून साइटचा कर्नल वेगळा तपासावाच लागतो. तरी हा त्रास मी आनंदानं घेते. पुढच्या जोडकार्डाच्या ऑर्डरमध्ये आम्ही अट घातली आहे: कासान आणि लॉकडेप चालू असलेल्या कर्नलवर कार्ड काढून-घालून दाखवायचं, आणि तो पूर्ण लॉग मालासोबत द्यायचा.