पाटावर बसेपर्यंत नऊवारी झकास

गेल्या महिन्यात पाथर्डी फाट्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. सुनेला नऊवारीच नेसायची होती, तीही माझ्या आईची, येवल्याची पैठणी. आई डोळे मिटूनसुद्धा नऊवारी नेसायची. माझी मजल सहावारीपर्यंतच. म्हणून घरी येऊन साडी नेसवणाऱ्या एका ताईंना बोलावलं. नऊवारीचे ८०० रुपये. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण निम्मी तक्रारच आहे.

बाई वेळेच्या पक्क्या. साडेसहा सांगितलं होतं, सव्वासहाला दारात. आणि हात काय चालतो! कमरेला गाठ, पदराचं माप खांद्यावर, उरलेल्या कापडाच्या निऱ्या, मग काठ मागे नेऊन काष्टा. ९ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, पण वीस मिनिटांत कुठे फुगा नाही की चोळामोळा नाही. दोन्ही पोटऱ्यांवर काठ अगदी सारखे. फोटो झकास आले.

घोडं अडलं पिनांपाशी. संध्याकाळी साडी सोडताना मी मोजल्या, १९ निघाल्या! आईच्या नऊवारीला एक पिन नसायची, सगळा भार गाठीवर. इथे गाठच सैल. विचारलं तर, "काकू, घट्ट बांधलं की मुली कुरकुरतात." गुरुजींनी पाटावर बसायला सांगितलं आणि काष्टा ताणला, पिन सुटली, जरीच्या काठातला धागा बोटभर ओढला गेला. तिकडे संकल्प चालू, इकडे मी सुनेच्या मागे निऱ्या धरून बसलेली. आतली शॉर्ट सॅटिनची होती, त्यावर गाठ सरकते. ती चूक आमची. सुती घालायला हवी होती.

नंतर फोन केला तर म्हणाल्या, "बसायचं आहे हे आधी सांगायचं ना." आता वास्तुशांतीच्या आहुत्या काय उभ्याने देतात?

तुम्ही कुणाला बोलावलंत तर पैसे द्यायच्या आधी मांडी घालून बसा, उठा, दोन पायऱ्या चढा. काष्टा टिकला तरच त्यांना जाऊ द्या. भारी साडी असेल तर जरीत पिन टोचू नका, हे दारातच सांगा.

दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे. रिसेप्शनच्या सहावारीला याच ताई येतील, त्यांच्या निऱ्यांना तोड नाही. सीमांतपूजनाच्या नऊवारीला मात्र सिन्नरहून मावशी येणार आहे, ७४ वर्षांची. तिची एकच अट, नेसवताना नवरीने मोबाईल खाली ठेवायचा.