पेंटचा डेन्सिटी कप: १०० मिलीचा घ्यावा की अमेरिकन?

डेन्सिटी कप म्हणजे ठरावीक मापाचा झाकणवाला कप; त्यात मावलेल्या पेंटच्या वजनावरून घनता कळते. आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. माल देशातच विकत असाल तर डोळे मिटून १०० मिलीचा स्टीलचा कप घ्या. अमेरिकेचं गिऱ्हाईक असेल तर त्यांच्या गॅलनच्या हिशोबाने बनवलेला घ्या. दोन्ही घेतलेत तर लॅबमध्ये आणल्याआणल्या त्यांवर ठळक खूण करा.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या पेंटच्या कारखान्यात क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, बघते. आमच्याकडे बादल्या काट्यावर भरतात, त्यामुळे सगळा कारभार ‘वेट पर लिटर’वर. एपॉक्सी प्रायमरची घनता लिटरला १.३४२ किलो आली की वीस लिटरच्या बादलीत २६.८४ किलो भरायचा, विषय संपला. मग एक एक्स्पोर्टची ऑर्डर आली. त्यांच्या कागदावर घनता पाउंड प्रति गॅलनमध्ये, आणि बादल्या पाच-पाच गॅलनच्या.

आता गॅलन म्हणजे कुठला, हे कागद सांगत नाही. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, इंग्लंडचा इम्पीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. वीस टक्क्यांचा फरक! आमचा तोच प्रायमर अमेरिकन गॅलनला ११.२० पाउंड भरतो आणि इम्पीरियलला १३.४५. पाच अमेरिकन गॅलन म्हणजे ५६ पाउंड, २५.४ किलो. दुसरा गॅलन धरलात तर काट्यावर साडेतीस किलो लावाल, आणि तेवढा माल त्या बादलीत मावायचाच नाही. फोनवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये तर नुसतं ‘गॅलन’ लिहिलंय, पर्यायच नाही. पाण्याचा १ टाकून पाहिला, उत्तर आलं १०.०२, म्हणजे स्वारी इम्पीरियल निघाली. अमेरिकन असती तर ८.३४५ दाखवलं असतं. कुठलंही कन्व्हर्टर वापरण्याआधी ही पाण्याची परीक्षा घ्याच.

अमेरिकन कपाची खुबी ही, की आकडेमोड कपाच्या पोटातच केलेली असते. २५ अंशाला त्यात ८३.२ ग्रॅम शुद्ध पाणी मावतं. पेंट भरा, वजन घ्या, ग्रॅमना दहाने भागा: झाले पाउंड प्रति अमेरिकन गॅलन. आमचा प्रायमर ११२.० ग्रॅम भरला, म्हणजे ११.२०. परत मेट्रिकमध्ये यायचं तर ०.११९८ ने गुणा, १.३४२ हजर. १०० मिलीच्या कपाला शंभराने भागलं की थेट ग्रॅम प्रति सीसी.

दोन्ही कप रावपुऱ्यातल्या एका दुकानातून घेतले. काउंटरवरच्या भाईंना फरक विचारला तर म्हणाले, “बेन, बेउ सरखा ज छे,” म्हणजे दोन्ही सारखेच. दिसायला आहेतही तसेच! नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच चकचकीत, आणि आमच्या कपांवर मापाचा आकडा तळाला इतका बारीक कोरलाय की पेंटचा हात लागला की दिसेनासा होतो. आम्ही अमेरिकन कपाच्या तळाला लाल इनॅमलचा ठिपका दिला आणि त्या ठिपक्यासकट रिकाम्या कपाचं वजन लिहून ठेवलं.

कामगिरी उत्तम. झाकण मधल्या भोकाकडे किंचित उतरतं केलेलं आहे, त्यामुळे दाबताना हवा निघून जाते आणि जादा पेंट भोकातून वर येतो. तो पुसूनच वजन करायचं. मिलवरून, म्हणजे पेंट दळायच्या यंत्रावरून, नुकताच उतरलेला माल मात्र लगेच भरू नका, त्यात बुडबुडे असतात आणि घनता खोटीच कमी दिसते. तापमानाचंही तसंच. बडोद्याच्या मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश सहज असतं. त्या तापमानाला अमेरिकन कपात पाणीसुद्धा ८२.८ ग्रॅमच भरतं, आणि सॉल्व्हंटवाला पेंट पाण्यापेक्षाही जास्त फुगतो. नमुना २५ अंशावर आणल्याशिवाय आमच्याकडे आकडा रजिस्टरात चढत नाही. प्रॉडक्शनवाले करवादतात, करवादू देत.

तक्रार एकच, पण मोठी. कप आणि झाकण ही जोडी असते, अदलाबदल झाली की माप बदलू शकतं. त्यासाठी दोहोंवर एकच नंबर कोरलेला हवा. आमच्या १०० मिलीच्या झाकणावर नंबरच नाही. दुकानदाराने बदलून द्यायचं कबूल केलंय, अजून वाट बघतेय. तोवर डिस्टिल्ड पाणी भरून तपासलं: २५ अंशाला ९९.७ ग्रॅम यायला हवं, तेवढंच आलं. म्हणून वापरतेय.

आणि एपॉक्सीवाल्यांनी जपा. हार्डनर (एपॉक्सी घट्ट करणारा दुसरा भाग) मिसळलेला माल मोजलात तर कप तिथल्या तिथे थिनरने धुवा, भोकात काडी फिरवा. एकदा आत पापुद्रा धरला की प्रत्येक मोजणीत माप कमी भरणार, आणि खरवडायला गेलात तर स्टीलवर ओरखडे.

दुकानात ८.३२ ग्रॅम पाणी मावणारा छोटा अमेरिकन कपही होता, नमुना थोडाच असेल तर सोयीचा. त्यात जितके ग्रॅम तितके पाउंड, भागाकारही नको. पण झाकणावर ०.०५ ग्रॅम पेंट पुसायचा राहिला तर मोठ्या कपात उत्तर ०.००५ ने चुकतं, छोट्यात सरळ ०.०५ ने. आमच्या पोरांची पुसण्याची तऱ्हा बघून मी तो घेतला नाही.