रविवारची सकाळ टेकडीला द्यावी की नदीला?

पुण्यात पर्यावरणासाठी नुसतं हळहळण्यापलीकडे काही करायचं म्हटलं, की बहुतेकांपुढे दोनच वाटा येतात: टेकडीवर झाडं जगवणं किंवा नदीचा काठ साफ करणं. पक्षीगणना असते, विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करणंही असतं, पण ती प्रासंगिक कामं. दर आठवड्याचा नेम धरायचा असेल तर टेकडी की नदी, एवढाच प्रश्न उरतो. मी दोन्हीकडे घाम गाळला आहे. खाली लिहितोय ते अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही. तुमचा अनुभव वेगळा निघू शकतो.

नदीचं काम लगेच पावतं, हे आधीच मान्य करून टाकतो. गमबूट, जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन एवढी तयारी झाली की उतरायचं. दोन तासांत काठाचा एक तुकडा माणसात येतो, आणि आधीचा-नंतरचा फरक शेंबड्या पोरालाही दिसतो. जीवितनदी संस्थेने नदीकिनारा दत्तक घेण्याची जी कल्पना रुजवली, ती मला फार शहाणपणाची वाटते. अख्खी मुठा साफ करायची भाषा नाही. विठ्ठलवाडीसारखा किंवा औंधजवळच्या मुळेसारखा एक पट्टा धरायचा आणि तिथेच परत परत जायचं. मुलांना न्यायचं असेल तर नदीइतकी चांगली शाळा नाही. घरातली फरशी पुसायची बाटली आणि ओढ्यातला फेस यांचा संबंध त्यांना तिथे आपोआप कळतो.

काय काय निघतं ते सांगत बसत नाही, तुम्हाला कल्पना असेलच. फक्त एक नोंद. पुलांना उंच जाळ्या लावल्या, शेजारी निर्माल्य कलश ठेवले, तरी गाठ मारलेली पिशवी जाळीवरून नेमकी पाण्यात भिरकावण्याचं आपल्या लोकांचं कसब वाखाणण्याजोगं आहे. आणि खडकवासल्यातून पाणी सोडून भिडे पूल बुडाला, की पुढे कित्येक महिने काठच्या फांद्यांना चिंध्या आणि पिशव्या लोंबत राहतात. पूररेषेचा नकाशा बघायची गरज नाही, त्या पिशव्या बघाव्यात.

माझं घोडं मात्र कचऱ्यापाशी नाही, पोत्यांपाशी अडलं.

सकाळी दहापर्यंत पोती भरतात, तोंडं बांधली जातात, रस्त्याच्या कडेला रांग लागते. फोटो निघतो, चहा होतो, मंडळी घरी जातात. आता ही पोती उचलणारी कचऱ्याची गाडी यायची असते. तिचं आधी बोलणं झालेलं असतं, नंबर मिळालेला असतो, ‘पाठवतो’ असा होकारही आलेला असतो. गाडी कधी दुपारी येते, कधी सोमवारी, कधी आठवण करून दिल्यावर मंगळवारी. तोवर कुत्र्यांनी दोन पोती फाडलेली असतात, कुणीतरी भंगारात जाईल तेवढं उपसून उरलेलं तिथेच पालथं केलेलं असतं, आणि मध्ये पावसाची सर आली तर निम्मं काम पुन्हा नदीच्या पोटात. आमच्या गटात फोन करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. रविवारी दुपारी ताटावर बसलो तरी डोळे फोनकडे. चिखलात कोपरापर्यंत हात घालायला माझी ना नव्हती. पण ‘साहेब, गाडी निघाली का?’ हे वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकवेना. दुसऱ्या काठावरच्या गटांना गाडी वेळेवर मिळत असेलही. तसं असेल तर या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करा.

शिवाय नदीचं खरं दुखणं काठावर नाहीच. उन्हाळ्यात शहरातून जे वाहतं त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा, आणि त्यावरच जलपर्णी पोसली जाते. ती उपसली तरी खाली जेवण चालूच असतं, त्यामुळे ती परत येते. त्यात आता नदीकाठ सुधार प्रकल्पाची कामं सुरू आहेत. तुम्ही धरलेला पट्टा उद्या पत्र्यांच्या आड जाऊ शकतो, हेही लक्षात घ्या. म्हणून काठ साफ करू नये असं मुळीच नाही. पण मन लवकर खट्टू होणारं असेल तर जपून.

आता टेकडी. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, म्हातोबा, कुठलीही घ्या, दुखणी सारखीच. पहिलं म्हणजे जमीन. वर बोटभर माती आणि खाली मुरूम. पहार आपटली की हाताला झिणझिण्या येतात. दुसरं, जुलैतली गर्दी. टोप्या, फलक, वाढदिवसाचं झाड, कुणाच्या स्मरणार्थ झाड. तेही बहुधा वड नाहीतर पिंपळ, कारण पुण्य त्यातच जास्त. खरं तर या कोरड्या उतारावर हिवर, खैर, धावडा, मोई, मेडशिंग अशी काटक देशी मंडळी टिकतात. पण ‘मेडशिंग लावलं’ असं सांगून कौतुक होत नाही. तिसरं दुखणं गिरिपुष्पाचं. मध्य अमेरिकेतलं हे झाड, नुसती फांदी खोचली तरी धरतं, म्हणून एके काळी आपल्या टेकड्यांवर ते भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी बहर येतो तेव्हा लोक मोबाईल काढतात. त्याच्या दाटीखाली देशी रोपं आणि गवत फारसं तग धरत नाही, हे मात्र खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

आणि गवत! टेकडी म्हणजे पडीक जागा आणि झाड लावलं की ती सुधारली, हा समज फार चिवट आहे. आपल्या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ, मधूनमधून झाडं असलेला. चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटं करतात, त्यांना तुमचा खड्डा नको असतो. त्यामुळे गट निवडताना ‘किती झाडं लावता?’ यापेक्षा ‘कुठे लावत नाही?’ हे विचारून बघा. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर दुसरा गट शोधावा, असं माझं नम्र मत.

टेकडीचं फळ उशिरा मिळतं. पहिली दोन वर्षं रोप दिसतं तेवढंच दिसत राहतं. उन्हाळ्यात टाकीत पाणी नसेल तर कॅन खालून वर न्यावे लागतात, आणि फिरायला आलेले काका ‘ठिबक का करत नाही?’ असं विचारून पुढे जातात. फेब्रुवारीपासून वणव्याची धास्ती. कुणाची विडी, कुणाचा ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा विश्वास, आणि एका दुपारीत उतार काळा. म्हणून गवत वाळायला लागलं की जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढणं हे लागवडीपेक्षा महत्त्वाचं काम आहे, आणि त्याला माणसं कमी.

एवढं असूनही मी टेकडीवर जातो. कारण साधं आहे. आळं नीट केलं, त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, पाणी दिलं, की त्या दिवसाचं काम संपलं. ते कुणाच्या गाडीवाचून अडत नाही. झाड मेलं तरी ते कशाने मेलं हे मला समजतं, आणि पुढचा खड्डा मी त्याप्रमाणे घेतो. वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरोधात लोक एकवटले, त्यांतही टेकडीवर रोज पाय ठेवणारे पुष्कळ होते. तिथे राबणाऱ्याला नकाशावरची रेघ लवकर खुपते, असं मला वाटतं.

गुडघे कुरकुरत असतील, घरात लहान मुलं असतील किंवा महिन्यातून एखादाच रविवार मोकळा असेल, तर नदीच बरी. महिन्यातून एकदा पाणी घालून रोप जगत नाही. फोन करण्याचा कंटाळा नसलेला एखादा माणूस गटात असेल तर नदीवर माझा आक्षेपही उरत नाही.

टेकडी ठरवली तर मात्र जुलैत सुरुवात करू नका. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सहाला वर जा, जे कुणी कॅन घेऊन दिसतील त्यांना गाठा आणि मागच्या पावसाळ्यातली झाडं दाखवायला सांगा. बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या ताब्यात आहेत, तेव्हा आपल्या मनाने खड्डे घ्यायला जाऊ नका. परवानगी असलेल्या गटाबरोबरच कामाला लागा. पहिल्या दिवशी पाच लिटरचा एकच कॅन उचला. लोक उत्साहात दोन उचलतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत.